शेवटचं पान

मैत्रिणींनो, आपल्याकडे माणूस गेला की दहाव्याला पिंडाजवळ त्याच्या आवडीचा पदार्थ ठेवतात. कावळा शिवेना झाला की घरातली एखादी वडीलधारी बाई हळूच म्हणते, ‘‘अगं, त्यांना चहा लागायचा. चहा ठेवून बघा.’’ माणसाची ओळख शेवटी जिभेपाशी येऊन थांबते, हे रोज चार पानं वाढणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नकोच. म्हणून आज तुम्हाला काही बशांविषयी सांगणार आहे. विषय जड आहे, पण त्याची वाट आपल्या स्वैपाकघरातूनच जाते.

अमेरिकेत ज्यूली ग्रीन नावाच्या चित्रकार होत्या. ऑरेगन राज्यातल्या विद्यापीठात त्या चित्रकला शिकवायच्या. त्याआधी ओक्लाहोमात राहत असताना सकाळच्या वर्तमानपत्रात त्यांना वाचायला मिळे, की अमक्या कैद्याला मृत्युदंड दिला आणि त्याआधी त्याने अमुक अमुक खाल्लं. मरणाच्या बातमीत हा जेवणाचा हिशेब कशाला, हा प्रश्न त्यांना काही सोडेना. मग 2000 सालच्या सुमारास त्यांनी चिनी मातीच्या जुन्या, वापरलेल्या बशा जमवायला सुरुवात केली. त्यांवर निळ्या रंगात एकेका कैद्याचं शेवटचं जेवण रंगवायचं आणि बशी भट्टीत भाजून घ्यायची. वर्षाला साधारण 50 बशा. देहदंड बंद होईपर्यंत, नाहीतर हजार बशा भरेपर्यंत हे चालू ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. 2021 मध्ये हजारावी बशी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ज्यूलीबाई गेल्या. देहदंड काही गेला नाही.

या बशांसोबत कैद्याचं नाव नसतं, त्याने काय केलं तेही नसतं. राज्य, तारीख आणि पदार्थ, बस्स. तळलेलं चिकन, बटाट्याचे काप, अंडी, आइस्क्रीम, कोकाकोला असले साधे, बाजारात सहज मिळणारे पदार्थच फार. मोठ्या मेजवान्या फारशा नाहीत. बशा बघताना एक गोष्ट ध्यानात येते, की ही बहुतेक माणसं गरिबाघरची होती. मरायच्या दिवशीसुद्धा माणूस लहानपणी ज्याची चव लागली तेच मागतो.

इंडियाना राज्याच्या दोन बशा माझ्या मनातून जात नाहीत. एक 2007 सालच्या मे महिन्यातली. तिच्यावर पिझ्झा आणि वाढदिवसाचा केक आहे. त्या कैद्याच्या वाढदिवसाला आयुष्यात कधी केक आणलाच गेला नव्हता. हे त्याने सांगितलं, तेव्हा तुरुंगातल्या लोकांनी त्याच्यासाठी केक मागवला. दुसरी 14 मार्च 2001 ची. तिच्यावरचं जेवण त्या कैद्याच्या आईने तुरुंगातल्या स्वैपाक्यांबरोबर स्वतः रांधलं होतं. त्या बाईने परक्या भटारखान्यात उभं राहून पीठ कसं मळलं असेल? मीठ पुरेसं आहे का, म्हणून चाखून बघितलं असेल का? मला तरी पुढचा विचार करवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘बाई, आणि ज्याचा जीव गेला त्याचं काय? त्याला कुणी विचारलं होतं, शेवटचं काय खाणार म्हणून?’’ खरं आहे. त्याच्याही घरी एक पान रिकामं राहिलं, आणि ते या हजार बशांत कुठेच नाही. मला ही उणीव बोचते. 20 मार्च 2020 च्या पहाटे तिहार तुरुंगात निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तेव्हा दोन मुलींची आई म्हणून मीही सुटकेचा श्वास टाकला होता. ती भावना खोटी होती, असं मी आज म्हणणार नाही. पण ज्यूलीबाईंच्या बशा गुन्हा माफ करा असं म्हणतच नाहीत. ज्याला आपण मारणार आहोत त्याला भूक लागते, एवढंच त्या दाखवतात.

ही झाली गुन्हा ज्याच्या हातून घडला त्याची गोष्ट. पण ज्याने गुन्हा केलाच नव्हता, त्याचं काय? तिथे बशी अपुरी पडते. तिथे माहितीपट लागतो.

एरॉल मॉरिस या दिग्दर्शकाचा ‘द थिन ब्लू लाइन’ हा माहितीपट 1988 चा. मॉरिस टेक्सासला गेला होता तो एका मानसोपचारतज्ज्ञावर चित्रपट करायला. हा डॉक्टर खटल्यामागून खटल्यात साक्ष द्यायचा, की हा आरोपी पुढेही घातकच राहणार. त्याच्या साक्षीने ज्यांना मृत्युदंड झाला त्यांना भेटता भेटता मॉरिसला रँडल अ‍ॅडम्स भेटला. 1976 च्या नोव्हेंबरात डॅलस शहरात एका पोलिसाने रात्री एक गाडी अडवली आणि गाडीतून झालेल्या गोळीबारात तो मेला. गाडी चोरीची होती आणि ती चोरणारा मुलगा होता 16 वर्षांचा. त्याने बोट दाखवलं अ‍ॅडम्सकडे, आणि कोर्टाने ते मानलं. 1979 मध्ये मरणाची तारीख अवघी तीन दिवसांवर आली असताना सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. पुढे त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली, पण निर्दोष म्हणून सुटका काही होईना.

मॉरिसने काय केलं, तर साक्षीदारांना कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि निवांत बोलू दिलं. माणसाला मध्ये न तोडता बोलू दिलं, की तो आपणच आपल्या थापेत अडकतो. शाळेत तासाला उशिरा येणाऱ्या पोरांचं मी हेच करते! शेवटी त्या मुलाची टेपवरची मुलाखत ऐकू येते. पडद्यावर दिसतो नुसता एक टेपरेकॉर्डर, आणि आवाज सांगतो की अ‍ॅडम्स निरपराध आहे. चित्रपट लागला आणि 1989 च्या मार्चमध्ये अ‍ॅडम्स सुटला. बारा वर्षं आत काढून. 1979 मधले ते तीन दिवस जर कुणी थांबवले नसते, तर 1988 चा हा चित्रपट कुणाच्या उपयोगी पडणार होता?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये सांगितलं, की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यातच द्यावी. पण साक्ष देणारी माणसं इथेही माणसंच असतात.

चित्रपट 101 मिनिटांचा आहे. मारामारी फारशी नाही, पण पोलिसावर गोळ्या झाडण्याचा प्रसंग पुनःपुन्हा येतो, तेव्हा लहान मुलांना शेजारी बसवू नका. कॉलेजातल्या मुलांना मात्र जरूर बसवा. आणि त्यात पोलीसबाईचा एक मिल्कशेक हवेत उडून रस्त्यावर पडतो. त्या वेळी ती बाई नेमकी कुठे होती, गाडीत की गाडीबाहेर, यावर खटल्यातलं बरंच काही अवलंबून होतं. तेव्हा तेवढ्यात कुकर बघायला उठू नका.