पाणंदीवरची सायकल

सायकलवाल्यांच्या जगात गेली काही वर्षं ‘ग्रॅव्हल’ हा शब्द फार चालतो. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता सोडायचा आणि खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या रस्त्यांनी दिवसभर जायचं, असा हा प्रकार. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशी शर्यत होते. २०२२ पासून तर याचं जागतिक अजिंक्यपदही सुरू झालं. आता आपल्याकडेही पुण्या-मुंबईची मंडळी ‘ग्रॅव्हल रूट’ शोधत सातारा जिल्ह्यात येऊ लागली आहेत. त्यांचे नकाशे मोबाईलवर बघितले की मला गंमत वाटते. ज्या रस्त्यांवर त्यांनी रंगीत रेघा ओढलेल्या असतात, त्यांना आमची मुलं पाणंद म्हणतात.

या पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. उलट त्यांनी यावं आणि आपल्यातल्यांनीही त्यांच्यासारखं निघावं, असंच मी म्हणतो. पण हे रस्ते कुणाचे, कशासाठी आणि ते टिकावेत तर कसे, यावर बोलायची वेळ आली आहे. मला वाटतं, सायकलवाला आणि शेतकरी या बाबतीत एकाच बाजूचे आहेत. दोघांनाही अजून ते उमगलेलं नाही, इतकंच.

आधी मुलूख कसा आहे ते सांगतो. महाबळेश्वरपासून दहिवडीपर्यंत सरळ रेषेत मोजलं तर अंतर शंभर किलोमीटरच्या आत भरतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशे. एकाच जिल्ह्यात, दोन दिवसांच्या सायकल-अंतरावर, पाऊस दहापटीने कमी होतो. सह्याद्री ढग अडवतो आणि त्याच्या पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो, हे आपण सगळे भूगोलात पाठ करतो. सायकलवर हे पाठ करावं लागत नाही, चाकाखालची माती सांगत जाते.

पश्चिमेला कासच्या बाजूला जांभा खडक. कासहून महाबळेश्वरकडे पठारावरून जाणारा जुना राजमार्ग याच तांबड्या दगडावरून जातो. पठार उतरून साताऱ्याखाली आलं की संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात, आणि कोरेगावच्या बाजूला काळी जमीन सुरू होते. दोन्हीकडे ऊस, मधून कॅनॉल आणि त्याच्या कडेची सरळ मातीची वाट. वर्धनगडाचा घाट ओलांडून खटाव तालुक्यात उतरलं की ऊस विरळ होतो, ज्वारी आणि माळ दिसायला लागतो. पुसेगाव, औंध मागे टाकून पुढे माणात शिरलं की माळरान, बाभळी, मेंढरांचे कळप आणि पायाखाली निव्वळ मुरूम. कृष्णेच्या खोऱ्यातून निघालेला माणूस न कळत भीमेच्या खोऱ्यात आलेला असतो, कारण माणगंगा भीमेला जाऊन मिळते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर भल्या पहाटे पायी निघतो तो याच माणदेशात. मास्तर मंडळींची या वाटांशी ओळख जुनी आहे म्हणायची.

सायकलही काही परकी लागत नाही. ग्रॅव्हल सायकलचं टायर साधारण अडतीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंद असतं. आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलचं अठ्ठावीस इंची टायर चाळीस मिलिमीटरचं. म्हणजे ज्या रुंदीला आज नवा शोध म्हणून दाम मोजतात, त्या रुंदीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी दुधाच्या किटल्या आणि गहू-ज्वारीच्या गोण्या वाहिल्या.

आता मुद्द्याचं. काही सायकलवाले म्हणतात, हे कच्चे रस्ते असेच ठेवा, डांबर नको, काँक्रीट तर नकोच. ते इटलीचं उदाहरण देतात, आणि ते खरं आहे. तिथल्या तोस्काना प्रांतात पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते होते. ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली गायोले इन किआन्ती या गावाहून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ नावाची फेरी सुरू झाली. हे रस्ते वाचावेत हा तिच्यामागचा एक हेतू होता. पुढे व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यतही त्याच रस्त्यांवर भरू लागली. आज त्या पांढऱ्या रस्त्यांवर जगभरातून माणसं येतात.

पण तोस्कानाचं उदाहरण कोरेगावात जसंच्या तसं लावता येत नाही. काळ्या मातीच्या पाणंदीत जूनपासून चार महिने काय होतं, ते तिथून रोज शाळेत येणाऱ्या मुलीला विचारा. चिखल चाकाला आणि मडगार्डला इतका चिकटतो की सायकल ढकलताही येत नाही, ती खांद्यावर घ्यावी लागते. माझ्या वर्गात पावसाळ्यात हजेरी कुठून कमी होते, हे मी रस्ता बघून सांगू शकतो. ऊस तोडायला आला की ट्रॅक्टर आत जात नाही. रात्री एखादी बाई अडली तर गाडी वस्तीपर्यंत पोहोचत नाही. या माणसांना ‘तुमचा रस्ता किती सुंदर आहे, तो असाच राहू द्या’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीवर आपली हौस भागवणं झालं.

मग डांबरच हवं का? तर तसंही नाही. नीट बांधलेला मुरमाचा रस्ता हा अर्धवट रस्ता नव्हे. खाली खडीचा थर, वर मुरूम, त्यावर पाणी मारून रोलरची दबाई, मध्यभागी थोडा उंचवटा, दोन्ही बाजूंना चर आणि ओढा आडवा येतो तिथे मोरी. एवढं केलं तर ट्रॅक्टर चालतो, मुलीची सायकल चालते आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याचीही चालते. आपल्याकडे होतं काय, तर मुरमाच्या चार ट्रॉल्या ओतून फोटो काढतात आणि चर खोदायचं राहून जातं. पहिल्या जोराच्या पावसात मुरूम शेजारच्या शेतात जातो. मग गाव म्हणतं, मुरमाचा उपयोग नाही, काँक्रीट करा. काँक्रीट होतं गावठाणापाशी दोनशे मीटर, आणि पुढची वस्ती चिखलातच राहते. सायकलवाल्यांना काही मागायचं असेल तर त्यांनी ‘कच्चा ठेवा’ असं न मागता ‘मुरमाचा करा, पण चरांसकट करा’ असं मागावं. या मागणीवर शेतकरी त्यांच्या शेजारी उभा राहील.

दुसरं दुखणं चिखलाहून मोठं आहे. अनेक पाणंदी आज जागेवरच नाहीत. गाव नकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते, प्रत्यक्षात तिथे बांध सरकत सरकत एक सरी वाढलेली असते. कायदा नाही असं नाही. मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ चा आहे, त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळते. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून २०२१ पासून पाणंद रस्त्यांना रोजगार हमीचा पैसा जोडला गेला. २०२५ साली शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असंही शासनाने सांगितलं. कागद पुरेसे आहेत. भाऊबंदकीत अडकलेली वाट कागदाने लगेच सुटत नाही, हे मात्र गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून एक गोष्ट नजरेत भरते. पाणंद, बांध, शिवार, माळ, ओढा हे शब्द इथल्या मातीतले. आणि रस्ता, रहदारी, हद्द, जमीन, नकाशा, दावा, कब्जा, तहसीलदार हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शेतात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, पण भांडताना आणि मिटवताना प्रत्येक शेतकरी दोन्ही एका दमात बोलतो. पाणंद मोकळी करायची तर हे दोन्ही शब्दसंग्रह लागतात. वाट पायाखालची असावी लागते आणि नकाशावरचीही.

इथे सायकलवाल्याचा खरा उपयोग आहे. त्याच्या मोबाईलमध्ये कोणती वाट सुरू आहे, कोणती कुठे तुटते, याची नोंद आपोआप होत असते. ती नोंद ग्रामपंचायतीला दिली तर गाव नकाशाशी ताडून बघता येईल. बदल्यात पाहुण्यांनीही काही पथ्यं पाळावीत. पेरलेल्या रानातून वाट काढू नये. फाटक उघडलं तर लावून घ्यावं. मेंढरांचा कळप दिसला की उतरून उभं राहावं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथे फुलांच्या सड्यावर चाक घालू नये, ठरलेली वाट सोडू नये.

आता थोडं आपल्या माणसांशी. आपल्यात सायकल दुरुस्त करणारे पुष्कळ, सायकलवर हौसेने फिरणारे थोडे. ‘पंक्चरवाले’ ही तर आपल्याला शिवी म्हणून दिली जाते. ज्याला ही शिवी वाटते, त्याने एकदा वर्धनगड आणि दहिवडीच्या मधे कुठेतरी बाभळीचा काटा टायरमध्ये घेऊन बघावा. उन्हात चार किलोमीटर सायकल ढकलल्यावर फाट्यावरच्या टपरीत पाण्याची पाटी आणि हवेचा पंप दिसतो, तेव्हा त्या दुकानदाराचं नाव कुणी विचारत नाही. कष्टाच्या कामाची लाज वाटायचं कारण नाही. खंत असेल तर एवढीच, की दुकानदाराचा मुलगा ती सायकल घेऊन फिरायला कधी जात नाही. अनोळखी गावात मुलाला पाठवायला आपल्या घरातल्या आयांना हल्ली भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण घरात बसून ती कमी झालेलीही मी पाहिली नाही. पाणंदीवर भेटणारा म्हातारा अजून पहिला प्रश्न ‘कुठल्या गावचं रं?’ असाच विचारतो, आणि गावाचं नाव सांगितलं की तिथला कुणीतरी पाहुणा त्याला आठवतोच. ही ओळख मुलांना मिळायला हवी, मुलींनाही.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक सुचवतो. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावच्या नकाशाची प्रत घ्या. दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस ओसरलेला असतो आणि माळ अजून हिरवा असतो तेव्हा, आठ-दहा मुलं आणि असतील तशा सायकली घेऊन त्या तुटक रेषांवरून निघा. सोबत हवेचा पंप, पंक्चरचं सामान आणि पाणी असू द्या. वाट कुठे आहे, कुठे चिखलात जाते, कुठे कुणी बुजवली आहे, ते मुलांना लिहून काढू द्या. परत आल्यावर तो कागद ग्रामसभेत वाचा. मुलांनी लिहिलेला असल्यामुळे त्यावर भांडण जरा कमी होईल. आणि एवढं झाल्यावर पुण्याहून कुणी ‘ग्रॅव्हल रूट’ विचारत आलंच, तर त्याला तोच नकाशा द्या.