समुद्र आम्लतेकडे झुकतोय, नोंदी मात्र तुटपुंज्या

आपण हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि शिंपल्या, प्रवाळ ज्यापासून कवच रचतात ते कार्बोनेट घटू लागते. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ च्या आसपास होता; आता तो ८.१ च्याही किंचित खाली आहे. फरक क्षुल्लक दिसतो, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयन ३० टक्क्यांहून अधिक वाढले, असा होतो. ही घसरण ठामपणे सांगता येते, कारण हवाईजवळ १९८८ पासून एकाच ठिकाणचे पाणी नेमाने तपासले जात आहे. या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला असला, तरी भक्कम आधार दिला तो अशा कंटाळवाण्या नोंदींनीच.

शास्त्रज्ञच मते बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा, असे कुणी विचारेल. आम्ल पाण्यात मासे शिकाऱ्याचा वास ओळखेनासे होतात, हा २००९ नंतर गाजलेला दावा २०२० मध्ये मोठ्या फेरप्रयोगांत टिकला नाही, हे खरेच. पण डळमळला तो माशांच्या वागण्याविषयीचा निष्कर्ष. पाण्याचे रसायन जागच्या जागी आहे. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावरील कालवांच्या बीजकेंद्रात २००७ च्या सुमारास पिल्ले मरू लागली. खोलातून वर येणारे कार्बनयुक्त पाणी त्याला कारण ठरले. मग पाणी सतत मोजून, गरजेप्रमाणे सोडा मिसळून तिथल्या लोकांनी धंदा सावरला.

अरबी समुद्रातही पावसाळ्यात असे खोलातले पाणी किनाऱ्याकडे चढते. इथला सामू मुळातच वरखाली होतो, मग चिंता कसली, हा आक्षेप त्यामुळे रास्त वाटतो. पण हंगामी चढउतारातून कायमची घसरण वेगळी काढायची तर दशकांच्या नोंदी लागतात. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून पाण्याचा अभ्यास करते. तसे कायमचे ठाणे रत्नागिरी, मालवणसमोरही हवे आणि त्याला तीन वर्षांच्या प्रकल्पाचा नव्हे, कायमचा निधी हवा. मोजल्याने आम्लता कमी होणार नाही. त्यासाठी उत्सर्जनच घटवावे लागेल. पण तोवर खाडीत तिसऱ्या आणि कालवे काढून पोट भरणाऱ्यांना संकटाची आगाऊ सूचना तरी मिळेल.