गर्भातच घटणारे भांडवल

तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने माणूस दगावला, की खाऱ्या पाण्याला बोल लावला जातो. त्यात तथ्य आहे. पण या रोगाचा हिशेब माणसाने पाण्याचा पहिला घोट घेण्यापूर्वीच सुरू झालेला असतो.

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सरासरी दहा लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांतील बहुसंख्य गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तयार होतात. पुऱ्या दिवसांच्या बाळात पुढे एकाचीही भर पडत नाही. आई अर्धपोटी राहून नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचीत असेल आणि मूल अडीच किलोच्या आत जन्मले, तर हे भांडवल मुळातच तोकडे असण्याचा संभव मोठा. मग थोड्या घटकांवर साऱ्या देहाचा भार येतो, रक्तदाब चढतो आणि तो उरलेले घटकही झिजवितो. बॅरी ब्रेनर यांनी हा विचार १९८८ साली मांडला. २००३ साली जर्मनीत अपघातात मृत्यू पावलेल्यांची मूत्रपिंडे तपासली गेली, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांत हे घटक इतरांच्या जवळजवळ निम्मेच आढळले.

त्यात खारे पाणी. बांगलादेशात दाकोपच्या किनारपट्टीवर असे पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचे विकार अधिक दिसले, आणि आईचा चढा रक्तदाब गर्भाची वाढ खुंटवितो. तरीही रुग्णाला उपदेश काय, तर मीठ कमी खा! ज्याच्या विहिरीतच मीठ आहे, त्याने ते कमी कसे करावे?

अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली गरोदर मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी पाच हजार ठेवले आणि दुसऱ्यासाठी मदत दिली ती मुलगी झाली तरच. (जननी सुरक्षेची रक्कम जोडून बेरीज जुळविण्याचे सरकारी कसब वेगळेच.) दुसरा मुलगा पोटात असताना आईला घास लागत नाही, हे शासनाने कोणत्या शास्त्रात वाचले?

सातपुड्याच्या पायथ्याशी वाण धरणात गोडे पाणी आहे. त्यावरून तेल्हाऱ्याचा शेतकरी आणि बाळापूरची तहानलेली ६९ गावे यांना समोरासमोर उभे करण्यात आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये तर अकोल्याहून नागपूरकडे खारे पाणी घेऊन पदयात्रा निघाली. पाणीवाटपाच्या त्या वादात सिंचनाचे हेक्टर मोजले गेले, गावांची संख्या मोजली गेली. गरोदर स्त्रीच्या घागरीचा हिशेब मात्र कोणीच मांडला नाही. तो पहिल्या ओळीत लिहावा, मग हेक्टर मोजावेत.