खरेदीखत आणि बटई

ओसरीवरून : पेडगावकर

गेल्या मंगळवारी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गावातील एक २६ वर्षांचा तरुण ओसरीवर येऊन बसला, आणि पाऊसपाण्याच्या व सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी बोलून झाल्यावर, उठता उठता आठवल्यासारखे करून, त्याने पिशवीतून ११ पानांचा एक इंग्रजी दस्तऐवज काढला आणि ‘काका, एवढा नजरेखालून घाला, परवा सही करून पाठवायचाय,’ असे म्हणून माझ्या पुढ्यात ठेवला. हा तरुण वाचकांच्या परिचयाचा आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीविषयी मी लिहिले होते त्यात ज्याच्या गीताने स्टेशनाच्या रस्त्यावरची माणसे जागच्या जागी थबकली होती, तोच हा. ते गीत आता एका मोठ्या शहरातील ध्वनिमुद्रण कंपनीला हवे होते आणि त्यापोटी ती त्याला २२,००० रुपये देणार होती. त्याच्या घरी ही वार्ता पेढे वाटण्याची ठरली होती. मी तो कागद दिव्याखाली दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना जो संताप मनात उठला तो अद्याप शमलेला नाही. म्हणून गेल्या आठवड्यात कबूल केलेला ग्रंथालयांच्या अनुदानाचा विषय बाजूला सारून आज याच कागदाविषयी लिहीत आहे.

कागदाचा मथितार्थ असा: गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्यातील आवाज या तिहींवरील सर्व हक्क, सर्व देशांत, आज अस्तित्वात असलेल्या व पुढे कधी अस्तित्वात येतील त्या सर्व माध्यमांत, कायमचे कंपनीकडे जातील; गीतात फेरफार करण्याची, त्याचे भाषांतर करविण्याची, त्याच्या चालीवर दुसरे शब्द बसविण्याची तिला मुभा राहील; आणि लेखकाचे नाव द्यावयाचे की नाही हे ती आपल्या सोयीने ठरवील. यांतील ‘कायमचे’ या एका शब्दाची लांबी मोजून पाहण्याजोगी आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हा मुलगा ७६ वर्षांचे आयुष्य जगला तर हा हक्क आजपासून ११० वर्षे जिवंत राहील, आणि २२,००० ला ११० ने भागले असता वर्षाचे २०० रुपये येतात. ज्या गावात खुरपणीला गेलेली बाई एका दिवसाच्या मजुरीत याहून अधिक घेऊन घरी परतते, त्या गावात उमटलेल्या गीताचा हा वर्षाचा मोबदला.

मी त्याला रागे भरलो नाही, कारण चूक त्याची नव्हती. त्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू रान आहे, आणि वडील बांधकामाच्या कामावर पुण्याला होते त्या आठ वर्षांत घरचे कोणीच त्यात राबत नव्हते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी त्याला एवढेच विचारले की, तेव्हा तुम्ही ते रान विकून मोकळे का झाला नाहीत? प्रश्नाने तो जणू दुखावला. ‘विकायचं कसं, काका? बटईनं दिलं होतं की.’ माझे काम या उत्तराने निम्मे झाले. कारण कायद्याच्या पोथीतही हेच दोन दस्त आहेत. कलम १८ खाली लेखक आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करून देतो, ते खरेदीखत. कलम ३० खाली तो हक्क स्वतःकडे ठेवून दुसऱ्याला काही काळ, काही कामापुरता वापरण्याचा परवाना देतो, ती बटई. ज्या कुळाला खरेदी आणि बटई यांतला भेद पिढ्यान्‌पिढ्या रक्तात भिनलेला आहे, त्याच कुळातील मुलगा गीताच्या बाबतीत मात्र खरेदीखताखेरीज दुसरा कागद असू शकतो हेच जाणत नाही, याचे मला त्या रात्री फार दुःख झाले.

बटई देणारा मनुष्य काय काय ठरवितो ते पाहावे. कोणता गट नंबर, किती हंगाम, बी-खत कोणाचे, वाटा निम्मा की तिजाई, विहिरीचे पाणी कोणाच्या पाळीने, आणि बांधावरच्या आंब्याची फळे कोणाची. हे सगळे पाडव्याला चार माणसांसमक्ष बोलले जाते आणि बांधावरचा आंबा विसरणारा मनुष्य गावात शहाणा गणला जात नाही. गीताच्या परवान्यातही नेमके हेच ठरवावयाचे असते. ध्वनिमुद्रणासाठी दिले, तर चित्रपटासाठी दिले काय? चित्रपटासाठी दिले, तर साबणाच्या जाहिरातीसाठी दिले काय? तीन वर्षांसाठी की सात? महाराष्ट्रापुरते की देशभर? एकरकमी मक्ता की विक्रीवर वाटा, की थोडी उचल आधी आणि वाटा मागाहून? चित्रपट आणि जाहिरात हे गीताच्या बांधावरचे आंबे होत, आणि पुष्कळदा शेतातल्या पिकापेक्षा त्यांचेच उत्पन्न अधिक निघते.

परंतु जमिनीची ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ती जेथे अपुरी पडते तेथेच या विषयाचे मर्म आहे. एक शेत एका हंगामात एकच बटईदार पेरू शकतो; गीत मात्र एकाच हंगामात शंभरांनी पेरावे आणि तरी त्याची ओल कमी होऊ नये, असा त्याचा स्वभाव आहे. २०१६ च्या एप्रिलात आलेला ‘सैराट’ हे याचे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. करमाळ्याकडच्या मातीतली ती कथा पुढील दोन वर्षांत कन्नडात ‘मनसु मल्लिगे’ आणि हिंदीत ‘धडक’ होऊन उगवली, पंजाबी आणि उडिया चित्रपटसृष्टीतही गेली. आणि अजय-अतुल यांची ‘झिंगाट’ची चाल हिंदी शब्द लेवून पुन्हा देशभर वाजली. प्रत्येक ठिकाणी नव्याने परवानगी, नव्याने मोबदला, आणि मूळ मराठी चित्रपट मात्र जेथल्या तेथे अखंड. आता आमच्या या तरुणाच्या कागदातील ‘भाषांतर करविण्याची मुभा’ हे तीन शब्द पुन्हा वाचावेत. उद्या त्याचे गीत तेलुगूत गेले, तर त्या वेळी मोबदल्याची बोलणी होतील खरी, पण त्या बैठकीत त्याला जागा नसेल. एवढेच नव्हे, तर स्वतःच्या गळ्यातून स्वतःचे गीत गाऊन ते त्याने यूट्यूबवर टाकले, तरी कंपनीच्या दाव्याने जाहिरातीचे उत्पन्न कंपनीकडे वळेल किंवा तो व्हिडिओ उतरविला जाईल.

आपल्या मराठी माणसांना ही रीत नवी आहे असेही नाही, आणि याचेच मला अधिक वाईट वाटते. मराठी नाटककार आपले नाटक निर्मात्याला विकून मोकळा होत नाही. तो प्रयोगाची परवानगी देतो आणि प्रयोगागणिक त्याचे मानधन त्याला पोचते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या तालुक्याच्या हौशी संघालाही लेखकाचे परवानगीपत्र जोडावे लागते. मराठवाड्याच्या बोलीला ज्यांनी सातासमुद्रापार नेले त्या लक्ष्मण देशपांड्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घ्या. एकाच माणसाने शेकडो गावांत उभे केलेले ते नाटक २००९ साली त्यांच्याबरोबरच संपले, असे ज्यांना वाटले त्यांचा अंदाज चुकला. आमच्याच मराठवाड्यातले संदीप पाठक आज ते उभे करीत आहेत. कलावंत गेला तरी संहिता मागे राहते आणि ती दुसऱ्याच्या कंठात जाऊ शकते, हे ज्या समाजाने रंगभूमीवर पाहिले, त्याने गीतकाराला मात्र एकरकमी बिदागीवर बोळवावे याला मला कोणतेही समर्थन सापडत नाही.

हा अन्याय कायद्यालाही एके काळी मान्य होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीतसंगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच होय. आणि तेथपासून पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार आपल्याच पिकाचे सालगडी होऊन राहिले. २०१२ साली, जावेद अख्तर राज्यसभेत असताना आणि त्यांच्या खटपटीने, कायदा दुरुस्त झाला, व शब्दांच्या आणि चालीच्या लेखकाला, त्याने हक्क विकला असला तरीही, उत्पन्नात समान वाटा मागण्याचा अधिकार मिळाला. चित्रपटगृहातील खेळ तेवढा यातून वगळलेला आहे. हा वाटा मी सोडतो असे लेखकाने लिहून दिले तरी ते लिखाण रद्दबातल आहे. वारसांना किंवा लेखकांच्या नोंदणीकृत संस्थेला तेवढा तो देता येतो. समान वाटा म्हणजे आमच्या भाषेत निम्मी बटई! संसदेने जे शेवटी मान्य केले ते आमच्या बांधावर केव्हाचे रूढ होते. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, हद्द लिहिली नसेल तर ती भारत, आणि जे माध्यम करार होताना अस्तित्वात नव्हते व ज्याचा स्पष्ट नामनिर्देश झाला नाही, त्यावरचा हक्क लेखकाकडेच, अशीही तरतूद आहे. हक्क विकल्यानंतरही लेखकाचे नाव कलम ५७ राखते. गंगाखेडच्या जनाबाईने आपल्या अभंगात नाममुद्रा ठेवली आणि सातशे वर्षे ती कोणाला खोडता आली नाही. तिच्याच जिल्ह्यातील या मुलाचे नाव एका कंपनीच्या सोयीवर लटकावे हे मला सहन होण्यासारखे नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी उलटी शिकली आहे. हैदराबाद राज्यात १९५० चा कूळकायदा आला तेव्हापासून बटई कागदावर आणावयाची नाही, कारण कुळाचे नाव लागले तर जमीन जाईल, ही भीती घराघरांत बसली; आणि तोंडी व्यवहाराची तीच सवय आपण गाण्यातही आणली. कॉपीराइटच्या कायद्यात न्याय याच्या नेमका उलट आहे. येथे लेखकाच्या सहीचा लेखी कागद नसेल तर हक्काची विक्रीच वैध होत नाही. कॅसेटच्या दिवसांत तोंडी बोलीवर ज्यांची गीते नेली गेली, अशा कितीतरी शाहिरांच्या वारसांनी घरातली जुनी कागदपत्रे एकदा चाळून पाहावीत, कारण विकली म्हणून समजलेली वस्तू कदाचित आजही त्यांचीच असेल. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरील हक्काची मुदत २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. आमचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ मात्र १९५३ सालीच, अवघ्या चाळिशीत गेले, आणि त्यांचे साहित्य २०१४ पासून सर्वांना मोकळे झाले.

आणि भाषेविषयी मी पूर्वी लिहिले आहे, पुन्हा लिहितो, आणि पुढेही लिहीन. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, दफ्तर उर्दूत चाले, आणि ज्याला ते वाचता येत नसे तो पटवारी सांगेल तेथे अंगठा उठवी. आमच्या भागातील जितक्या जमिनी सावकारीत बुडाल्या त्यांतील निम्म्या न वाचलेल्या कागदाने बुडाल्या, अशी घरातल्या वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींवरून माझी पक्की खात्री आहे. उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी येऊन बसली. गीत मराठी, गायक मराठी, ऐकणारे मराठी, आणि करारनामा तेवढा इंग्रजी, हे का? मराठी लेखकाशी होणारा प्रत्येक करार मराठीत असलाच पाहिजे, असा नियम राज्यशासनाने करावा, ही माझी मागणी आहे.

बुधवारी आम्ही दोघांनी बसून त्या कागदावर पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या. ‘कायमचे’ काढून तीन वर्षे लिहिली, माध्यमांची नावे घातली, चित्रपट आणि जाहिरात वगळली, भाषांतराला स्वतंत्र परवानगी ठेवली, नाव अनिवार्य केले, आणि २२,००० ची रक्कम वाट्यावरची उचल म्हणून दाखविली. शुक्रवारी उत्तर आले की, मुदतीचा करार ही गोष्ट या व्यवसायात कोठेच ऐकिवात नाही. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण श्रीगोंद्याकडच्या भीमाकाठच्या पेडगावाची आहे, आमच्या पेडगावाची नव्हे. परंतु ते वेड पांघरलेले मी या आठवड्यात प्रथमच इतक्या जवळून पाहिले.

सही अजून झालेली नाही. घरात यावरून थोडी नाराजी आहे, आणि २२,००० रुपयांची निकड त्या घराला किती आहे हे मला ठाऊक असल्यामुळे मी जोर केलेला नाही. मात्र गीतकार-संगीतकारांचा वाटा गोळा करणारी १९६९ पासूनची जी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, तिच्या सभासदत्वाचा अर्ज त्याने मागविला, आणि अर्जासाठी आपल्या रचनांची यादी करण्याकरिता काल रात्री वह्या घेऊन तो ओसरीवर आला. आजवर त्याने आपली गीते कधी मोजलीच नव्हती. ती ४१ निघाली. प्रत्येक गीतापुढे साल, चाल कोणाची, प्रथम कोठे गाइले, असे रकाने आम्ही आखले, आणि शेवटचा रकाना ‘कोणास दिले’ असा ठेवला. चाळीस ओळींपुढे त्याने ‘कोणास नाही’ असे लिहिले, आणि एकेचाळिसावीपुढे लेखणी थांबवून तो रकाना तेवढा रिकामा सोडला.