जंतू मरतात, तरी धोका का उरतो?

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४१ मध्ये चीनमधील बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचे निमित्त होऊन, रक्तात जंतुसंसर्ग भिनल्याने निवर्तले. पेनिसिलीन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते.

आज प्रतिजैविके हाताशी आहेत. तरीही सेप्टिक शॉकमध्ये रुग्ण दगावतात. कारण येथे घात केवळ जंतू करीत नाहीत. त्यांच्याविरुद्ध उसळलेली शरीराची प्रतिकारशक्तीच अनावर होते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. काही प्रतिजैविके जंतूंचे कवच फोडतात. त्यातून सुटलेले विषारी घटक हा दाह काही काळ वाढवूही शकतात. क्लिंडामायसिनसारखे औषध मात्र काही जंतूंची विषनिर्मितीच रोखते. म्हणून विशिष्ट संसर्गांत ते पेनिसिलीनच्या जोडीला दिले जाते.

यावरून औषधास भ्यावे असे नव्हे. सेप्टिक शॉकमध्ये योग्य प्रतिजैविक पहिल्या तासाभरात मिळावे, हाच वैद्यकीय दंडक आहे. मात्र त्याची निवड, सलाइन आणि रक्तदाब सावरणारी औषधे ही रुग्णालयातच शक्य होतात.

म्हणून घरातील वडीलधारे तापात असंबद्ध बोलू लागले, धाप लागली, लघवी कमी झाली वा हातपाय गार पडले, तर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून वेळ दवडू नये. पेढीचा हिशेब रात्रीही लिहिता येईल. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.