अंदाज सोडा, गेज हाती घ्या

बारामतीहून काटेवाडीमार्गे भवानीनगर, लासुर्णे, इंदापूर असा प्रवास केला तर एक गोष्ट ध्यानात येते. या पट्ट्यात बैलगाडीपेक्षा जेसीबी जास्त दिसतो. शेततळे खोदायचे, चारी काढायची, मुरूम भरायचा, पाया खणायचा, सगळीकडे हेच यंत्र. नोव्हेंबर २०२१ मध्ये संत तुकाराम पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि मातीकामाला आणखी जोर आला. ही यंत्रे बहुतेक कर्जावर घेतलेली असतात. यंत्र बंद पडले तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून ते दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हातात मालकाची रोजी असते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

इंजिन, हायड्रॉलिक, वेल्डिंग यांत आपले कारागीर कोणाला हार जात नाहीत. प्रश्न आहे तो गिअरबॉक्सचा. पुढे-मागे जाण्यासाठी या यंत्रात तेलाच्या दाबावर चालणारे क्लचपॅक असतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक मोटारींतही हीच रचना असते. २०१४ साली मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे आलेल्या एएमटी गाड्यांचे तसे नाही. त्यांत साधा कोरडा क्लचच असतो, फक्त दाबायचे काम यंत्र करते. दोन्ही 'ऑटोमॅटिक' म्हणून एकाच मापाने मोजू नयेत.

क्लचपॅक म्हणजे काय? एका ड्रममध्ये एक फायबर प्लेट, एक स्टील प्लेट अशा आळीपाळीने बसवलेल्या असतात. मागून तेलाचा दाब आला की पिस्टन या थराला दाबतो आणि गिअर लागतो. दाब गेला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते आणि प्लेटा मोकळ्या होतात. मोकळ्या होण्यासाठी थरात जी जागा ठेवावी लागते, तिलाच क्लिअरन्स म्हणतात. सगळा खेळ या जागेचा आहे.

जागा कमी ठेवली तर प्लेटा न्यूट्रलमध्येही घासत राहतात, तेल तापते, फायबर जळते. जास्त ठेवली तर पिस्टनला लांब यावे लागते. गिअर उशिरा लागतो, लागताना धक्का बसतो, आणि पिस्टन फार बाहेर आला तर सीलला इजा होऊन दाबही गळतो. दोन्ही बाजूंनी नुकसानच.

मग आपली माणसे चुकतात कोठे? आमच्या मते दोष हाताचा नाही, सवयीचा आहे. मोटारसायकल आणि तीनचाकीच्या क्लचवर आपले हुन्नर घडले. तेथे आत थोडे कमी-अधिक झाले तरी बाहेर केबलचा अ‍ॅडजस्टर असतो. दोन आटे फिरवले की काम भागते. क्लचपॅकला बाहेरून अ‍ॅडजस्टर नाही. पेटी एकदा बंद झाली की आत ठेवलेले मापच कायम. दुसरी गोष्ट आपल्या बोलीची. आपण 'सुता'त बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून अधिक. आणि क्लचपॅकमधली सारी जागा बहुधा अर्ध्या सुताच्या आतबाहेर असते! तेथे बोटाचा अंदाज कसा चालेल?

माप घेण्याची रीत अवघड नाही. नव्या फायबर प्लेटा बसवण्यापूर्वी किमान अर्धा तास त्या पेटीत भरायच्या तेलातच भिजवाव्यात. स्टील प्लेटा सपाट काचेवर ठेवून पाहाव्यात; निळे-काळे डाग पडलेली किंवा वाकलेली प्लेट परत घालू नये. पॅक भरून सर्क्लिप बसवावी आणि सर्क्लिप व शेवटची जाड प्लेट यांच्यामध्ये फीलर गेज घालून जागा मोजावी. लहरी प्लेट असेल तर ती दाबून माप घेऊ नये. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा हाच अखेरचा. तो मिळाला नाही तर कारागिरांत एक ढोबळ हिशेब चालतो : दर फायबर प्लेटमागे दहा थाऊ, म्हणजे सुमारे ०.२५ मि.मी. पाच प्लेटा असतील तर १.२५ मि.मी.

समजा माप २ मि.मी. आले. म्हणजे ०.७५ जास्त. अर्धा मि.मी. जाड स्टील प्लेट आणि पाव मि.मी. जाड सर्क्लिप घातली की हिशेब जुळला. फायबर घासून किंवा ग्राइंडर लावून माप जुळवणे मात्र कामाचा नाश करणे होय. शेवटी तेलाच्या भोकातून हलक्या दाबाची हवा द्यावी. पिस्टनचा 'ठप्' आवाज आला आणि फुसफुस ऐकू आली नाही, तरच पेटी बंद करावी.

आणखी एक. प्लेटा जळल्या का, हे शोधल्याशिवाय नव्या प्लेटा घालणे व्यर्थ आहे. फाटलेले सील, तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप यांपैकी कारण तसेच राहिले तर नवा माल महिन्यात जुना होतो आणि नाव उस्तादाचे जाते.

काही बंधू म्हणतील, गिऱ्हाईक घाईत असते, मापाचे पैसे कोण देतो? आम्ही उलट विचारतो, तीच पेटी फुकट पुन्हा खोलायचे पैसे कोण देतो? फीलर गेज काही शेकड्यांत मिळतो. त्याला डायल गेज आणि मायक्रोमीटरची जोड दिली तरी एका बिघडलेल्या पेटीपेक्षा ती स्वस्तच पडेल. तराजूत माप मारणे गुन्हा आहे, हे आपल्या दुकानदारांना सांगावे लागत नाही. गॅरेजमधले मापही तितकेच इमानाचे आहे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक क्लचपॅकचे माप बिलावर लिहून द्यावे : आधी किती होते, आता किती ठेवले. गिऱ्हाइकाचा विश्वास बसेल आणि तक्रार आली तर आपल्यालाही आधार राहील. शागीर्दाला पहिल्या वर्षी पाना द्यावा, तसा गेजही द्यावा. घरातला मुलगा बारामती किंवा इंदापूरच्या आयटीआयमध्ये शिकत असेल, तर त्याचे वाचन आणि उस्तादाचा हात यांची सांगड एकाच गॅरेजमध्ये घालावी.

नव्या यंत्रांचे काम आपल्या हातून निसटते आहे, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ते टिकवायचे असेल तर हुन्नराला आकड्याची जोड देण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.