प्रामाणिक वाचकावरच अविश्वास का?

प्रति,
ई-पुस्तकांना कुलूप लावणारे प्रकाशक आणि ती ग्रंथालयांना पुरवणाऱ्या कंपन्या



मी शेवगावचा एक वाचक. वयामुळे मोबाइलच्या झगझगीत पडद्यावर फार वेळ वाचवत नाही, म्हणून मुलाने ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या पडद्याचा रीडर घेऊन दिला. एका डिजिटल ग्रंथालयाची वर्गणी भरली, पुस्तक माझ्या नावावर लागलं, मुदत सुरू झाली. पण रीडरवर ते उघडेना. विचारल्यावर कळलं, या यंत्रावर चालत नाही. वर्गणी घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. मुदत संपली आणि एक पानही न वाचता पुस्तक परत गेलं. हे मनाला फार लागलं.

कुलूप का लावता, हे मला समजतं. पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि लेखक-प्रकाशकांच्या पोटावर पाय येतो. म्हणून तुम्ही फाइल कुलूपबंद करता, किल्ली वाचकाच्या खात्याला आणि नोंदवलेल्या यंत्राला बांधता. मुदत सरली की ती किल्ली निकामी होते. उसनं पुस्तक परत यावं यासाठी हे मला मान्य आहे. पण कुलपं निरनिराळी. ई-पुस्तकाची इपब प्रकारची फाइल तीच, तरी एका कंपनीचं कुलूप अनेकदा दुसरीच्या रीडरला उघडत नाही. किंडलवर ग्रंथालयाचं पुस्तक घेण्याची सोय २०११ साली सुरू झाली, तीही अमेरिकेतल्या वाचकांसाठी. चोरलेली पीडीएफ मात्र कुठल्याही फोनवर उघडते. म्हणजे अडतो तो वर्गणी भरणाराच.

छापील पुस्तकाचं असं नसतं. आमच्या नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. तिथलं पुस्तक घरी नेताना कुणी चष्म्याचा नंबर विचारत नाही.

दुसरी अडचण हक्क संपलेल्या पुस्तकांची. याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना, १९४४ साली, पंडित नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. नेहरू १९६४ साली गेले, म्हणून १ जानेवारी २०२५ पासून त्यांचं हे पुस्तक आपल्याकडे सर्वांचं झालं. पण कुलूप लावून विकलेली प्रत त्या दिवशी आपोआप मोकळी होत नाही. कायद्याने दिलेला हक्क तुमचं कुलूप अडवून धरतं.

कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडायला त्याच कलमात मुभा आहे. पण गावातल्या वाचकाने ते उघडायचं कसं? मुभा कागदावर, किल्ली तुमच्याकडे.

माझं मागणं एवढंच. पुस्तक देण्याआधी ते कोणकोणत्या यंत्रांवर उघडेल, हे मराठीत स्पष्ट लिहा. न उघडलेल्या पुस्तकाची मुदत मोजू नका. अशा कुलपासाठी एलसीपी नावाचं खुलं मानक उपलब्ध आहे. ते मुदत पाळतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रीडरवर चालतं. ते स्वीकारा. ज्यांचे हक्क संपले, त्या पुस्तकांची कुलपं काढा.

आम्ही वर्गणी भरतो, मुदत पाळतो. तरीही चोर समजून वागवता ते आम्हालाच. याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

कळावे,
आपला,
एक वर्गणीदार वाचक
शेवगाव, जि. अहिल्यानगर